लाल भोपळा, वेलवांगी आणि आपली वाडी

ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुधा तीन गोष्टींपासून प्रारंभ करतो : १३२१ साली ठाण्यात रक्त सांडलेले चार फ्रान्सिस्कन हुतात्मे, १५३४ चा वसईचा तह आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई. धर्म, तह आणि तलवार. या तिन्हींच्या मधल्या काळात आपल्या पूर्वजांनी रोज दोन वेळा चूल पेटवली, वाडीत आळी केली, वेलाला मांडव घातला, याची नोंद मात्र आपल्या इतिहासात क्वचितच सापडते. वास्तविक माणसाचे जगणे तहनाम्यापेक्षा ताटात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून या लेखात आम्ही किल्ल्याच्या दरवाजातून न जाता परसदारातून इतिहासात शिरणार आहोत. सोबतीला दोन भाज्या आहेत : भोपळा आणि टोमॅटो. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी ज्या घरात मांसाहार नसतो, त्या घरात या दोहोंपैकी एक तरी पातेल्यात असतेच. त्या कोठून आल्या, केव्हा आल्या आणि आपल्याशा कशा झाल्या, हे पाहताना आपल्या स्वतःच्या ओळखीविषयीही काही उमगते, असा आमचा अनुभव आहे.

चौदाव्या शतकातील ठाण्यापासून आरंभ करू. टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि टिफ्लिसचे डेमेट्रियस या चौघांचा ठाण्यात वध झाला, तेव्हा त्यांचे सहप्रवासी डॉमिनिकन धर्मबंधू जॉर्डनस वाचले होते. त्यांनीच हुतात्म्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. हेच जॉर्डनस १३२९ साली कोल्लमचे बिशप नेमले गेले. हिंदुस्थानात पाहिलेल्या नवलाईच्या गोष्टींचे एक छोटे लॅटिन पुस्तक त्यांनी लिहिले आहे. त्यात झाडाच्या खोडाला लगडणारा अजस्र फणस आहे, आंबा आहे, नारळ आहे, माडाची ताडी आहे. युरोपातून आलेल्या त्या साधूचे डोळे आपल्या वाड्या पाहून विस्फारले होते, हे स्पष्ट दिसते. परंतु त्या काळच्या ठाण्यातील कोणत्याही वाडीत लाल भोपळा नव्हता, टोमॅटो नव्हता, मिरचीसुद्धा नव्हती. जॉर्डनस यांनी कितीही शोध घेतला असता, तरी त्यांना या वस्तू दिसल्या नसत्या. कारण त्या तेव्हा महासागरापलीकडच्या एका भूखंडात होत्या आणि त्या भूखंडाचा ठावठिकाणा आशिया व युरोप या दोहोंनाही नव्हता.

तो भूखंड म्हणजे अमेरिका. मेक्सिकोतील ओहाका प्रांतातल्या गिला नाकित्झ नावाच्या गुहेत भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या असून माणसाने लागवड केलेल्या भोपळ्याच्या आहेत, असे संशोधकांनी सिद्ध केले आहे. म्हणजे मका पिकवण्याच्याही आधी तेथील माणूस भोपळा पिकवीत होता. पुढे मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके तेथे एकाच शेतात शेजारी-शेजारी लावली जाऊ लागली. मक्याच्या ताटावर घेवडा चढे आणि भोपळ्याची रुंद पाने जमिनीवर सावली धरून ओल टिकवीत. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले. त्याला मानवी वस्तीत मानाचे स्थान मिळाले ते मेक्सिकोत. तेथील नाव्हात्ल भाषेत त्याला ‘तोमात्ल’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचे ‘तोमाते’ केले आणि आज डोंबिवलीच्या भाजीबाजारात भाजीवाली ‘टोमॅटो, टोमॅटो’ अशी आरोळी ठोकते, तेव्हा नकळत ती मेक्सिकोच्या जुन्या रहिवाशांचाच शब्द उच्चारीत असते.

१४९२ साली कोलंबस अमेरिकेस पोहोचला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला. १५०० साली काब्राल हिंदुस्थानला येताना वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. अशा रीतीने अवघ्या आठ वर्षांत लिस्बन, ब्राझील आणि मलबार हे तीन किनारे एका समुद्रमार्गात ओवले गेले. पुढे १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली. वसईबरोबर साष्टी व ठाणेही त्यांच्या अमलाखाली आले. मिरची, अननस, पपई, पेरू, काजू, मका, रताळे या अमेरिकन वनस्पती या काळात आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. याच लाटेत लाल भोपळाही आला आणि अल्पावधीत कोकणातल्या गवताच्या छपरांवर चढला.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. भोपळा तर आपल्याकडे फार प्राचीन आहे. तंबोऱ्याला भोपळा असतो, पोहायला शिकणारी मुले पाठीला भोपळा बांधत, लेकीकडे जाणारी म्हातारी भोपळ्यात बसून गेली, हे सारे कोणत्या काळचे? शंका रास्त आहे. पण तो भोपळा वेगळा. तो दुधी भोपळ्याच्या कुळातला, कठीण कवचाचा, वाळला की आतून पोकळ होणारा. त्याचे मूळ आफ्रिकेत आणि माणसाच्या सोबतीने तो हजारो वर्षांपूर्वीच आशियात पसरला. पडवळ, दोडका, घोसाळे, कारले, काकडी ही मंडळीही जुन्या जगातलीच. लाल भोपळा मात्र नव्या जगातला. मराठी माणसाने त्या नवागताकडे पाहिले, त्याचा वेल पाहिला, पान पाहिले, फळ पाहिले आणि आपल्या जुन्या भोपळ्याचेच नाव त्याला देऊन टाकले. वेगळेपणा दाखविण्यापुरते ‘लाल’ हे विशेषण जोडले. कोठे त्याला डांगर म्हटले, कोठे काशीफळ, कोठे गंगाफळ. सातासमुद्रापलीकडून आलेल्या फळाला काशीचे आणि गंगेचे नाव देणाऱ्या या भूमीच्या उदारपणाचे आम्हांला फार कौतुक वाटते.

जुने नाव नव्या फळाला देण्याचा हा प्रकार केवळ मराठीत घडला असे नाही. लॅटिन भाषेत दुधीच्या कुळातील भोपळ्याला ‘कुकुर्बिता’ म्हणत. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींची नावे निश्चित केली, तेव्हा हेच नाव त्याने अमेरिकन भोपळ्यांच्या प्रजातीला दिले आणि आज शास्त्रीय ग्रंथांत ‘कुकुर्बिता’ म्हणजे अमेरिकन भोपळा असाच अर्थ होतो.

या ‘कुकुर्बिता’वरून ख्रिस्तसभेत एकदा चक्क दंगल उसळली होती, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. बायबलमधील योना प्रवाद्याच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात एक कथा आहे. निनवे नगरीबाहेर उन्हात बसलेल्या योनाच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून देव एका रात्रीत एक वेल उगवतो आणि दुसऱ्या दिवशी एक किडा तो वेल कुरतडतो. मूळ हिब्रू शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आजचे बहुतेक अभ्यासक तो एरंड मानतात. परंतु जुन्या ग्रीक व लॅटिन भाषांतरांत तेथे भोपळा होता. रोमच्या भूमिगत स्मशानांतील भिंतींवर आद्य ख्रिस्ती चित्रकारांनी योनाला भोपळ्याच्या मांडवाखालीच पहुडलेला दाखवला आहे आणि त्या मांडवाला लांबट दुधी लोंबत आहेत. संत जेरोम यांनी नवे लॅटिन भाषांतर करताना भोपळा काढून तेथे ‘आयव्ही’ ही वेल घातली. संत ऑगस्टीन यांनी ४०३ साली जेरोमना लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, आजच्या लिबियातील त्रिपोली शहरात, म्हणजे तेव्हाच्या ओएआ येथे, एका बिशपांनी हा नवा पाठ मंदिरात वाचताच लोक खवळून उठले. पिढ्यान्पिढ्या कानावर पडलेला भोपळा कोठे गेला, असा त्यांचा सवाल होता. शेवटी बिशपांना माघार घ्यावी लागली, अन्यथा त्यांच्यापाशी एकही श्रद्धावंत उरला नसता. एका भाजीसाठी केवढा हा गहजब, असे म्हणून हसण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. ओळखीची भाजी म्हणजे ओळखीचे घर असते. तिचे नाव बदलले की घर बदलल्यासारखे वाटते.

आता टोमॅटोकडे वळू. टोमॅटोही पोर्तुगीजांनीच आणला आणि तेव्हापासून आपण तो खात आलो, असे सरसकट सांगितले जाते. परंतु आणणे वेगळे आणि घरोघरी रुळणे वेगळे. मिरची व लाल भोपळा यांना आपल्या स्वयंपाकात झटपट प्रवेश मिळाला, टोमॅटोला मात्र दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर थांबावे लागले. युरोपातही त्याची स्थिती फारशी निराळी नव्हती. इटलीच्या मात्तिओली या वनस्पतिज्ञाने १५४४ साली त्याचे वर्णन केले. इटालियन लोकांनी त्याला ‘सोन्याचे सफरचंद’ म्हटले खरे, पण विषारी धोतऱ्याच्या आणि कामोणीच्या कुळातले हे फळ खावे की नुसते पाहावे, याविषयी अनेक देशांतील लोक दीर्घकाळ साशंकच होते. आपल्याकडे जॉर्ज वॅट यांचा हिंदुस्थानातील आर्थिक उत्पन्नांचा प्रचंड कोश १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. टोमॅटोची लागवड मुख्यत्वे युरोपीय लोकांसाठी होते, मात्र बंगाली व ब्रह्मी लोक आंबट कालवणात तो वापरू लागले आहेत, अशा आशयाची नोंद त्यात आहे. म्हणजे एकोणिसावे शतक संपत आले तरी टोमॅटो साहेबाच्याच टेबलावर होता. काही सोवळ्या घरांत तर त्याच्या रक्तासारख्या लाल रंगामुळे तो पुढेही बराच काळ वर्ज्य होता.

ठाण्याच्या संदर्भात याचा अर्थ विलक्षण आहे. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली आणि पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोहोचली. आपल्या चुलीवरचा टोमॅटो या आगगाडीपेक्षाही नवा आहे! ज्या पदार्थांना आपण पणजीच्या काळचे म्हणतो, त्यांतील टोमॅटो पणजीनेच प्रथम घातलेला असण्याचा संभव अधिक. जुन्या मराठीत त्याला ‘वेलवांगी’ म्हणत. विदर्भात आजही ‘भेद्रं’ म्हणतात. वांग्याच्या कुळातला म्हणून वेलवांगी हे नाव किती समर्पक होते! पण ते टिकले नाही. भोपळ्याने आपले परदेशी नाव टाकून इथले नाव घेतले, टोमॅटोने इथले नाव टाकून आपले परदेशी नाव राखले. दोघेही आज तितकेच आपले आहेत. आपलेपणा नावावर अवलंबून नसतो, हे याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

टोमॅटो येण्यापूर्वी आपल्या कालवणाला आंबटपणा कशाने येत असे? उत्तर आपल्या वाडीतच आहे. चिंच, कोकमाची आमसुले, कैरी, बिंबली, ताक आणि पोर्तुगीज काळापासून सिरका. ईस्ट इंडियन घरांतले विंदालू हे नावच मुळी पोर्तुगीज भाषेतील द्राक्षमद्य आणि लसूण या दोन शब्दांवरून आले आहे. टोमॅटोने हळूहळू यांतील काही जागा घेतल्या. टोमॅटोचे सार पाहा. ‘सार’ हा पदार्थ जुना, आमसुलाचा. टोमॅटो आला, त्याने आमसुलाची जागा घेतली, पण फोडणी तीच राहिली, नारळाचे दूध तेच राहिले आणि नावही तेच राहिले. नवागताला सामावून घेण्याची ही खास आपली रीत : पाहुण्याला नवे घर बांधून द्यायचे नाही, जुन्या घरातच जागा करून द्यायची.

ईस्ट इंडियन स्वयंपाकाचा मानबिंदू म्हणजे बाटली मसाला. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या व दोन डझनांहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, लाकडी उखळात कुटून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. त्यातली मिरची अमेरिकेची, हळद हिंदुस्थानातली, दालचिनी व मिरी दक्षिणेकडची, आणि जिने कुटले ती बाई ठाण्याची. आपले ‘लोणवास’ हे मटणाचे कालवण घ्या. त्यात दुधी किंवा भोपळ्यासारखी भाजी घालण्याची चाल आहे. थोड्या मटणात मोठे कुटुंब जेवू घालण्याची ती गृहिणीची युक्ती होती आणि भाजी त्या रश्शात मुरून मटणाहून रुचकर होई. प्रायश्चित्तकाळात मटण गेले की तीच भाजी, तोच मसाला आणि टोमॅटो एवढ्यावर भागे. तोही पदार्थ कोणाच्या ताटात उणा वाटला नाही.

हा पदार्थ प्रायश्चित्तकाळातच का, याला एक शेतकी कारणही आहे. टोमॅटोला गारवा लागतो. रात्री फार उकडू लागल्या की फुले गळतात आणि फळ धरत नाही. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर पावसाच्या अखेरीस रोपे लावली तर थंडीत आणि फार तर मार्चपर्यंत टोमॅटो मिळतो. भोपळ्याच्या कुळाला ऊब प्रिय. थंडी सरताना पेरलेला वेल फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी फळे देऊ लागतो. एकाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ, अशी ही दोघांची गाठ परसात पडते ती नेमकी राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत. पंचांग आणि उपासनावर्ष यांचा असा मेळ आपल्या आज्यांना पुस्तकाविना ठाऊक होता.

कोवळा भोपळा ही जाड सालीच्या पिकल्या भोपळ्याहून निराळी चीज आहे. फळ नख रुतेल इतके कोवळे असताना तोडले, की साल काढावी लागत नाही आणि बियाही टाकाव्या लागत नाहीत. उत्तर हिंदुस्थानात ‘छप्पन कद्दू’ या नावाने मिळणारा भोपळा मुळात याच कोवळेपणी खाण्याच्या जातीचा. मोठ्या दुकानांत हल्ली ‘झुकिनी’ म्हणून मिळणारी हिरवी लांबट भाजी त्याचीच बहीण. तिचे मूळ बी अमेरिकेचे, पण तिला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या मिलान परिसरातील माळ्यांनी दिले. महाग झुकिनी विकत आणणाऱ्या गृहिणीने परसातला, किंवा गच्चीवरच्या पिंपातला, लाल भोपळा कोवळेपणी तोडून पाहावा. चवीत फार अंतर नाही.

कृती साधी आहे. तेलात ठेचलेला लसूण व कांदा परतावा. चमचाभर बाटली मसाला घालून करपू न देता लगेच चिरलेले टोमॅटो घालावेत. ते विरघळले की कोवळ्या भोपळ्याच्या जाड फोडी घालून झाकण ठेवावे. पाणी घालू नये, भोपळ्याच्या अंगचे पाणी पुरते. मीठ शेवटी घालावे, म्हणजे पाणी एकदम सुटत नाही. क्रमाला येथे महत्त्व आहे. टोमॅटोच्या आंबटपणाने भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट अंश लवकर विरघळत नाही, म्हणून टोमॅटो आधी घातला तर फोडी अखंड राहतात. भाजी घोटून मऊ हवी असेल, तर भोपळा आधी शिजवून टोमॅटो मागून घालावा. शुक्रवार नसेल तर मूठभर सुकट धुऊन, भाजून वरून टाकावी. वेलाची नर फुले सकाळीच तोडून, पिठात बुडवून त्यांची भजी करावीत. परंतु सगळी तोडू नयेत. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. इमारतींच्या दाटीत मधमाशा दुर्मीळ झाल्या आहेत. म्हणून नर फुलातील केसर मादी फुलाला हाताने लावण्याची वेळ आज शहरी बागाइतदारावर येते.

आणि येथेच हा इतिहास दुखऱ्या जागी येऊन थांबतो. माजिवडे, बाळकुम, उथळसर, कोलशेत ही नावे आज बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची आहेत. ती गावे होती. त्यांत भातखाचरे होती, घरामागे परस होता, विहिरीवर आळ्यांना जाणारे पाट होते. आगगाडीने प्रथम या गावांना मुंबईचे गिऱ्हाईक दिले आणि पुढे त्याच आगगाडीने मुंबईच येथे आणून सोडली. कारखाने आले, वसाहती आल्या. १९८२ साली ठाणे महानगरपालिका आणि १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. वाडीचा भाव भाजीच्या टोपल्यांत न मोजता चौरस फुटांत मोजला जाऊ लागला. कोणी विकली, कोणाची गेली, कोणाच्या भावाभावांत वाटण्या होऊन उरलीच नाही. आम्ही येथे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, पक्क्या घरासाठी वाडी विकणाऱ्या पित्याची अडचण आम्हांला समजते. परंतु वाडीबरोबर आणखी काही गेले, त्याची नोंद कोणत्याही खरेदीखतात नाही. बी राखेत घोळून वर्षभर जपण्याची विद्या गेली, कोणत्या वेलाचे बी धरायचे हे ओळखणारी नजर गेली आणि अंगणात उभ्या शेजारणीला ‘ने गं चार भोपळे’ म्हणणारी समृद्धीही गेली.

जमीन गेली की माणसाला विचारले जाते, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. इंग्रजांच्या राज्यात मुंबई-साष्टीच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांना ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हटले जाई. वस्तुतः ते येथलेच कुणबी, कोळी, भंडारी, आगरी आणि अन्य जातींचे लोक होते, त्यांची बोली मराठीच होती. बाहेरून आलेल्यांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. नाव इंग्रज कंपनीच्या नावाशी नाते सांगणारे, माणसे मात्र अस्सल स्थानिक. लाल भोपळ्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे : नाव अस्सल स्थानिक, फळ मात्र परदेशचे. नावावरून मूळ शोधू पाहणाऱ्याची दोन्हीकडे फसगत होते.

कल्याणची कथा आणखी जुनी. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक आणि पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याहीपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. आज त्याच जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा बाजार टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे आणि शेजारच्या माळशेज घाटाने टोमॅटोचे ट्रक कल्याणात उतरतात. दोन हजार वर्षांचा मार्ग तोच आहे, ओझे तेवढे बदलले. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्याही वर गेला, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी ज्याची गरज नव्हती त्या फळावाचून आपली चूल अडली. दुसऱ्या एखाद्या हंगामात हाच टोमॅटो भाव नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर ओततो. ज्याच्या परसात दोन रोपे आणि बरणीत चार आमसुले आहेत, त्याला या दोन्ही टोकांची झळ कमी लागते.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पालक, हरभऱ्याची डाळ आणि टोमॅटो यांची ‘साई भाजी’ ते आपल्यासोबत घेऊन आले. नोकरीच्या शोधात केरळची कुटुंबे कल्याण-डोंबिवलीत स्थायिक झाली. १९८८ साली कल्याणच्या नावाने सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. कॉस्मासच्या बिशपानंतर सुमारे चौदा शतकांनी कल्याणचे नाव पुन्हा एका धर्मपीठाला लाभले. या मलयाळी बंधुभगिनींनी भोपळा आणि खोबऱ्याची ‘एरिशेरी’ आणली. गोव्याचे, मंगळूरचे, तामिळनाडूचे कॅथलिक आले, त्यांनी आपापल्या रीतीचा भोपळा आणला. आज धर्मग्रामाच्या सणाला प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा ठरले, तर एकाच फळाची पाच रूपे एका टेबलावर दिसतील. कोणतेही रूप दुसऱ्याहून अधिक ‘मूळचे’ नाही.

याच न्यायाने आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या उपवासाचे ताट पाहावे. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि बहुतेक घरांत लाल भोपळा. यांतील प्रत्येक वस्तूचे मूळ अमेरिकेत आहे. एकादशीच्या पवित्र ताटाने समुद्रापलीकडच्या या पाहुण्यांना कधीच आपले म्हटले. मग माणसांच्या बाबतीतच ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न इतका धारदार का व्हावा? १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. इंग्लंडात जन्मलेल्या या धर्मगुरूने प्रभू येशूचे चरित्र मराठी ओवीत गायिले. बी दुरून आले, ओवी मात्र इथल्या मातीतली होती. भोपळ्याने छपरावर जे केले, तेच त्या ग्रंथाने भाषेत केले.

योनाच्या कथेचा शेवट पुन्हा एकदा आठवावा. वेल सुकला म्हणून योना रागावतो, तेव्हा देव त्याला स्मरण करून देतो की, ज्या वेलासाठी तू कष्ट केले नाहीस, जो तू वाढवला नाहीस, त्याची तुला एवढी हळहळ वाटते. आपल्या पिढीला वाडीची हळहळ वाटते, आणि ती वाडीही आपण लावलेली नव्हती. ती मेक्सिकोच्या अनाम शेतकऱ्यांनी, जहाजावरच्या खलाशांनी, ठाण्याच्या विहिरीवर पाणी ओढणाऱ्या आजी-आजोबांनी आपल्यासाठी लावली होती. नुसत्या हळहळीने वेल पुन्हा उगवत नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोचे रोप वाढते, गच्चीवरच्या पिंपात भोपळ्याचा वेल पसरतो. गावठी फळ पूर्ण पिकू द्यावे, बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत जपाव्यात. संकरित बियाण्याच्या फळाचे बी पुढच्या वर्षी तसेच निघत नाही, म्हणून जुने बी ज्यांच्याकडे आहे अशा घरी आवर्जून जावे. पुडीवर आपण भाजीचे नाव लिहितोच. त्याखाली ते बी ज्यांनी दिले त्यांचे नाव आणि गाव लिहावे. उद्या आपल्या नातवंडांनी ती पुडी उघडली, तर आपण मूळचे कुठले याचे उत्तर त्यांना त्यावर वाचता येईल.